रात्री दोनची वेळ आणि बंद मेन स्विच

(रत्नागिरीत छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे दहा-वीस कॉम्प्युटरची ऑफिसं आहेत. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, दवाखाने, आंबा कॅनिंगचे कारखाने, मच्छीचे व्यापारी. बॅकअपचं सॉफ्टवेअर सगळीकडे आहे आणि त्याला वेळही लावलेली आहे, रात्री दोनची. रात्री कोणी काम करत नाही, नेटवर्क मोकळं असतं, म्हणून जगभर ही वेळ सांगतात. आपल्याकडे मात्र संध्याकाळी ऑफिस बंद करणारा शेवटचा माणूस मेन स्विच खाली ओढतो. वैशाखात वळवाचा पाऊस गडगडत येतो, ऑक्टोबरात परतीचा येतो, आणि जवळपास एक वीज पडली तरी नेटवर्क स्विचचे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीचे, पोर्ट जळतात. त्या माणसाचं काहीच चुकत नाही. चुकीचं आहे ते वेळापत्रक.

म्हणून आज एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘दोन वाजले का?’ हा प्रश्न बॅकअप आपोआप सुरू करणाऱ्या शेड्युलरने विचारायचाच नाही. त्याने विचारायचं, ‘या मशीनचा शेवटचा पूर्ण झालेला बॅकअप किती तासांचा जुना आहे, आणि मशीन आत्ता चालू आहे का?’ घड्याळ नव्हे, वय मोजायचं.

आधी विंडोजमधला टास्क शेड्युलर बघू, कारण तो सगळ्यांकडे आहे. टास्क, म्हणजे आपोआप चालवायचं काम, नवीन केला की काही गोष्टी मुळातच अशा लावलेल्या येतात, ज्या आपल्याकडे चालत नाहीत. कंडिशन्स टॅबमध्ये ‘एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा’ अशा अर्थाची खूण असते. ती लॅपटॉपसाठी आहे असं आपण धरतो. पण यूपीएसची यूएसबी वायर डेस्कटॉपला जोडली की विंडोज त्या यूपीएसलाही बॅटरीच समजतं. लाईट गेली की टास्क सुरूच होत नाही, आणि चालू असलेला थांबवण्याची खूणही तिथेच खाली असते. ही खूण ठेवायची की काढायची हे यूपीएस किती मिनिटं टिकतो त्यावर ठरवा. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात रोजचा छोटा बॅकअप उरकू शकतो. पूर्ण बॅकअप उरकत नाही.

सेटिंग्ज टॅबमध्ये दुसरी खूण आहे, ठरलेली वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालवण्याची. ती मुळात बंद असते, ती लावाच. पण ती लावल्यावर काय होतं हेही समजून घ्या. सकाळी दहाला मेन स्विच वर जातो, बारा मशीन एकदम चालू होतात, आणि हुकलेला टास्क साधारण दहा मिनिटांनी जागा होतो. म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी बारा मशीन बॅकअप साठवणाऱ्या एकाच सर्व्हरवर तुटून पडतात, नेमकी काउंटरवर रांग लागलेली असताना. म्हणून स्क्रिप्टच्या, म्हणजे टास्क जी आज्ञांची फाईल चालवतो तिच्या, पहिल्याच ओळीत प्रत्येक मशीनला वेगळं थांबायला लावा. पहिलं पाच मिनिटं, दुसरं पंधरा, तिसरं पंचवीस, असं.

‘युजर लॉगिन असो वा नसो, चालवा’ असं निवडलंत की सर्व्हरवरच्या फोल्डरला दिलेली, झेड ड्राइव्हसारखी मॅप केलेली अक्षरं त्या टास्कला दिसत नाहीत. ती अक्षरं लॉगिन केलेल्या माणसाच्या सत्रापुरती असतात. सर्व्हरचा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. आणि ज्या खात्याचा पासवर्ड टास्कमध्ये साठवला आहे तो कोणी बदलला, तर दुसऱ्या दिवसापासून टास्क मुकाट्याने पडत राहतो. बॅकअपसाठी वेगळं खातं ठेवा, त्यावर रोजचं काम कोणी करू नये.

आता एक छोटी गोष्ट जवळून पाहू, कारण ती सगळ्यात जास्त ठिकाणी नडते. पुष्कळ जण टास्कमध्ये रोबोकॉपीची, म्हणजे विंडोजमधल्याच फाईली कॉपी करणाऱ्या आज्ञेची, एक ओळ लिहितात. रोबोकॉपीला एखादी फाईल दुसऱ्याने उघडून ठेवलेली आढळली की तो पुन्हा प्रयत्न करतो. मुळात किती वेळा? दहा लाख वेळा, आणि दर प्रयत्नामध्ये ३० सेकंद थांबून. गुणाकार करा, तीन कोटी सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ वर्ष. कोणीतरी हिशेबाची एक फाईल उघडी ठेवून जेवायला गेला की बॅकअप तिथेच अडून बसतो. टास्क शेड्युलरचा मूळ नियम असा, की आधीचा टास्क चालू असेल तर नवा सुरू करायचा नाही, आणि टास्क ३ दिवसांहून जास्त चालला तर थांबवायचा. कायम चालू असणाऱ्या मशीनवर हे तीन नियम एकत्र आले की एका फाईलपायी तीन दिवस बॅकअपच नाही, आणि स्टेटसमध्ये मात्र ‘रनिंग’ दिसतं. उपाय दोन स्विचचा आहे, म्हणजे आज्ञेच्या ओळीत जोडायच्या दोन पर्यायांचा. आर दोन आणि डब्ल्यू पाच, म्हणजे दोनदा प्रयत्न, पाच सेकंद थांबून, मग पुढची फाईल. टास्कची कमाल मुदतही ३ दिवसांवरून ४ तासांवर आणा.

रोबोकॉपीचा निकालही नीट वाचायला हवा. शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं. एक म्हणजे फाईली कॉपी झाल्या, ते यशच आहे. आठ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर खरी चूक. ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये एक दिसला की लोक घाबरतात, आणि रोज शून्य दिसलं की निश्चिंत होतात. खरं तर रोज काम होणाऱ्या मशीनवर सलग शून्य येत असेल तर चुकीचं फोल्डर धरलेलं असण्याची शक्यता जास्त. मूळ फोल्डरची हुबेहूब प्रत ठेवणारा मिररचा स्विच वापरत असाल तर आणखी जपा. मूळ जागी जे पुसलं गेलं ते तो बॅकअपमधूनही पुसतो.

डेटाबेस असेल तर चालू फाईल तशीच उचलू नका. आधी डेटाबेसकडून बॅकअप फाईल काढून घ्या, मग ती हलवा. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत कामं वेळेवर चालवणारा स्वतःचा एजंट नसतो, त्यामुळे हेही काम टास्क शेड्युलरवरच येतं. इथे लोक दोन टास्क लावतात, एक वाजता फाईल काढायची, दीड वाजता हलवायची. पहिल्याला एखाद्या दिवशी ३५ मिनिटं लागली की अर्धवट फाईल हलते. दोन्ही कामं एकाच स्क्रिप्टमध्ये एकामागोमाग लिहा, पहिलं यशस्वी झालं तरच दुसरं.

दहाच्या वर मशीन असतील तर मात्र प्रत्येक मशीनवर वेगळं घड्याळ ठेवण्यापेक्षा सर्व्हरनेच सगळ्यांकडे बघावं हे बरं. बॅकअप-पीसी, यूआर-बॅकअप, बॅक्युला ही मोफत, मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच आहेत. बॅकअप-पीसी मुळातच वयाच्या हिशेबाने चालतं. ते तासाला एकदा जागं होतं, प्रत्येक मशीनला पिंग करतं, म्हणजे ते चालू आहे का अशी नेटवर्कवरून हाक देतं, आणि उत्तर आलं तर त्याचा शेवटचा बॅकअप किती दिवसांचा आहे ते बघतं. त्याच्या सेटिंगमध्ये पूर्ण बॅकअपचा काळ ७ दिवस नसून ६.९७ दिवस लिहिलेला असतो, आणि रोजच्या बॅकअपचा ०.९७. नवख्याला वाटतं छपाईची चूक आहे आणि तो सरळ ७ करून टाकतो. आता बघा. या मंगळवारी पूर्ण बॅकअप रांगेतून १० वाजून ५ मिनिटांनी सुरू झाला. पुढच्या मंगळवारी १० वाजता सर्व्हर जागा झाला तेव्हा सात दिवस व्हायला पाच मिनिटं कमी आहेत. म्हणून तो थांबतो, ११ ला घेतो. त्यापुढच्या आठवड्यात १२ ला. सरकत सरकत बॅकअप एक दिवस ऑफिस बंद होण्याच्या वेळेवर येऊन आदळतो. ते ०.०३ म्हणजे ४३ मिनिटांची सवलत आहे, तिला हात लावू नका.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये जे मशीन सलग सात वेळा पिंगला उत्तर देतं ते कायम चालू असतं असं धरलं जातं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ७:३० त्याचा बॅकअप घेतला जात नाही. आपल्या ऑफिसांत मशीन नेमकी त्याच वेळात चालू असतात. म्हणून ती बंदी आवळून फक्त गर्दीच्या तासांपुरती ठेवा. जेवणाची सुट्टी मोकळी सोडा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, नाही ना तेही पाहून घ्या, नाहीतर रात्री दोन म्हणून लिहिलेली वेळ आपल्याकडे सकाळी साडेसात होते.

वेळ किती लागेल हे आधी कागदावर मांडा. १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचवर सेकंदाला साधारण ११ मेगाबाइट जातात. एका मशीनचे ४० जीबी म्हणजे एक तास, बारा मशीनचे बारा तास, आणि ऑफिस आठच तास उघडं. म्हणून पूर्ण बॅकअप रोज दोन मशीनचा, सहा दिवसांत बारा. बाकीच्यांचा त्या दिवशी फक्त बदललेला भाग. एका साध्या हार्ड डिस्कवर एकाच वेळी दोनहून जास्त मशीन सोडू नका, डिस्कचं हेड इकडून तिकडे धावण्यातच वेळ जातो. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटचा, स्विच असूनही बॅकअप अचानक दहापट रेंगाळला तर आधी वायरचं टोक बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवट थर चढला आणि एखादी तार सुटली की जोडणी बरेचदा गुपचूप १०० वर उतरते. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, कोणाच्या लक्षात येत नाही.

लाईट मधेच गेली तर? दोन गोष्टी करून ठेवा. फाईल आधी ‘अपुरी’ अशा नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. मग अर्धी फाईल पूर्ण म्हणून कधीच खपत नाही. दुसरं, आपली स्क्रिप्ट ‘काम चालू आहे’ म्हणून खुणेची फाईल ठेवत असेल तर लाईट गेल्यावर ती खूण तशीच राहते, आणि पुढचे सगळे बॅकअप ती पाहून परत जातात. खुणेची फाईल सहा तासांहून जुनी असेल तर ती पुसून पुढे जा.

रोज मेन स्विच बंद होणाऱ्या मशीनमधली सीआर २०३२ ची गोल बॅटरीही लवकर उतरते, कारण मशीनला वीज नसताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की मशीन कितीतरी वर्षं मागच्या तारखेला उठतं. तारखेवरून बदललेल्या फाईली शोधणारा बॅकअप काहीही उचलत नाही, आणि क्लाउडची सुरक्षित जोडणी प्रमाणपत्राच्या तारखेवरून नाकारली जाते. बॅटरी किरकोळ किमतीत मिळते. तीन-चार वर्षांनी सगळ्या मशीनची एकदम बदला.

आणि आता गणपती. आपली ऑफिसं पाच-सात दिवस बंद असतात, काही ठिकाणी दहा. ‘१० दिवसांहून जुनं पुसा’ असा नियम लावलेला सर्व्हर चालू राहिला आणि क्लायंट, म्हणजे बाकीची मशीन, बंद राहिले, तर नवं काही येत नाही आणि जुनं पुसलं जातं. परत आल्यावर एकही प्रत नाही. नियम दिवसांवर कधीच एकटा ठेवू नका. त्याला जोडून लिहा, प्रत्येक मशीनच्या शेवटच्या किमान पाच प्रती कितीही जुन्या झाल्या तरी ठेवायच्या. सूचनेचंही तसंच. चूक झाली की ईमेल येणं पुरेसं नाही, कारण बंद मशीन चूक कळवू शकत नाही. सर्व्हरनेच सांगायला हवं की अमक्या मशीनकडून कामाच्या तीन दिवसांत काही आलेलं नाही. सुट्ट्या आधीच भरून ठेवा. गणपतीत आणि शिमग्यात रोज बारा खोट्या सूचना आल्या की माणूस खरीही वाचत नाही.

शेवटचं, प्रत कुठे ठेवायची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं मशीन आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क यांना एकच पाणी लागलं. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा फक्त क्लाउडवर असलेली प्रत हाताशी येणार नव्हती. म्हणून दोन्ही हव्यात. १० मेगाबिटच्या अपलोडवर १०० जीबी चढायला २२ तास लागतात, ऑफिस दिवसाला आठच तास उघडं आणि तीच लाईन बाकीच्या कामालाही लागते, तेव्हा पहिली पूर्ण प्रत चढवायला एक-दोन आठवडे धरा आणि मग रोजचा बदल पाठवा. त्याखेरीज दोन डिस्क आलटून पालटून, एक ऑफिसात वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या गावात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. अदलाबदल दर शनिवारी, आणि त्याच वेळी डिस्कवरची एक फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. प्रत कुलूपबंद असेल तर तिचा पासवर्ड कागदावर लिहून तो कागद त्या दुसऱ्या गावात ठेवा, डिस्कच्या डब्यात नको, वेगळ्या घरात.