नाव घे

(दृश्य: तांदळाचं ताट. सोन्याच्या अंगठीनं कुणीतरी त्यात अक्षरं काढतंय.)

आपल्याकडे बाईला ‘नाव घे’ म्हणतात, तेव्हा तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं. तिचं स्वतःचं नाव? ते लग्नाच्या दिवशीच ताटातल्या तांदळात बदलायची आपली चाल. पुण्यातल्या बायकांनी मताचा हक्क मागितला, त्याची गोष्टही अशाच एका बदललेल्या नावापासून सुरू होते.

१८७३ साली देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना लग्न होऊन पुण्यात आली आणि रमा झाली. वय अकराच्या आसपास. नवरा महादेव गोविंद रानडे. सासरी आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. नवऱ्यानं शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांचं बिनसलं. दिवसभर टोमणे ऐकायचे, राहिलेल्या वेळात अक्षरं गिरवायची, असं करत रमाबाई मराठी शिकल्या, मग इंग्रजीही शिकल्या.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, भर दुपार.)

लक्ष्मी रस्त्यावर लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते. साड्यांची दुकानं, पिशव्या सांभाळत रिक्षा शोधणाऱ्या बायका. याच रस्त्यावर सेवासदन आहे, बायकांच्या शिक्षणासाठी काढलेली संस्था. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाईंनी पुण्यात हे काम उभं केलं. इथे विधवा शिकल्या, संसारी बायका शिकल्या. काही जणी ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणासाठी जाऊ लागल्या. आपल्या घरातली लेक परक्या रोग्याच्या उशाशी बसणार, हे त्या वेळच्या पेठांना पचवणं किती जड गेलं असेल!

मग १९२० साल आलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा प्रश्न पुण्याच्या नगरपालिकेपुढे होता. सक्ती आधी मुलग्यांपुरती करावी, मुलींचं पुढे बघू, पैसा पुरणार नाही, असं म्हणणारे गावात पुष्कळ होते. रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. शिक्षण सक्तीचं करायचं तर मुलींसाठीही करा, या मागणीचा मोर्चा पुण्याच्या रस्त्यांवरून निघाला.

मताधिकाराच्या गोष्टीत हा मोर्चा मी मुद्दाम आधी सांगते. कारण मताची मागणी पुण्यात याच बायकांनी केली. ज्या नगरपालिकेत आपल्या मुलीच्या शाळेचा निर्णय होतो, त्या नगरपालिकेत आपल्याला कुणी मोजतच नाही, हे त्यांना रस्त्यावर चालताना चांगलंच कळलं असणार.

लंडनच्या पार्लमेंटनं १९१९ च्या कायद्यात हिंदुस्थानातल्या बायकांना मत दिलं नव्हतं. इथली रूढी, इथला पडदा पाहता वेळ अजून आलेली नाही, असं त्यांच्या समितीचं मत. निर्णय प्रांतांवर सोडून दिला. १९२१ मध्ये आधी मद्रासनं आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यानं बायकांना मताचा हक्क दिला. पुण्यात या मागणीसाठी ज्या पुढे उभ्या राहिल्या, त्या रमाबाईच. तेव्हा त्या साठीला आलेल्या होत्या.

पण अट होती मालमत्तेची. घर, जमीन, कर. पुरुषांनाही तीच अट होती; मात्र पुण्यात किती वाड्यांच्या कागदांवर बाईचं नाव असेल? १९२३ च्या निवडणुकीत इलाख्यातल्या ज्या बायका मत देऊ शकल्या, त्या मोजक्याच. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या.

(दृश्य: फर्ग्युसन कॉलेज, जुनी दगडी इमारत.)

जानेवारी १९२७. अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली ती पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय पुन्हा मुलींचं शिक्षण. पुढे याच परिषदेनं मताधिकाराचा प्रश्न देशभर लावून धरला. १९३५ च्या कायद्यानं आणखी काही जणींना मत मिळालं, त्यातल्या पुष्कळ जणींना नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारानं. सगळ्या सज्ञान बायकांना ते मिळालं राज्यघटनेनं.

आणि तिथे पुन्हा नावच आडवं आलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना देशात लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयोग अडून बसला: नाव हवं. शेवटी सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण सुनेचं माहेरचं नाव घरात कुणाला आठवत नाही, अशी घरं आपल्याकडेही काही कमी नव्हती.

(दृश्य: मतदान केंद्र. महापालिकेच्या शाळेचा वर्ग. भिंतीवर बाराखडीचा तक्ता.)

सकाळचे सव्वासात. बायकांच्या रांगेत नऊवारीतल्या एक आजी पुढे सरकतात. टेबलापाशी त्या ओळखपत्र देतात. अधिकारी यादीत बोट फिरवतो, अनुक्रमांक सांगतो आणि पाठीमागे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून त्यांचं नाव मोठ्यानं वाचतो. सगळ्या वर्गाला ऐकू जातं.

आजी पदर सावरतात. “हो, मीच,” म्हणतात, आणि शाईसाठी डावा हात पुढे करतात.