ऑपरेशनच्या आधीची तयारी

नमस्कार, श्रोतेहो. कर्करोगामुळे काढलेला स्तन शस्त्रक्रियेने पुन्हा घडवता येतो. काहींचं हे त्याच ऑपरेशनमध्ये होतं, काहींचं उपचार संपल्यावर, अगदी काही वर्षांनीही. आज बोलू या त्याच्या तयारीबद्दल, आणि सुरुवात करते मिशरीपासून.

हो, मिशरीच. डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" बाई म्हणते, "छे, छे!" सकाळी दाताला लावायची मिशरी तिच्या हिशेबातच नसते. पण त्यातही निकोटिन आहेच, आणि ते रक्तवाहिन्या आकसवतं. पोटाची त्वचा आणि चरबी छातीवर बसवताना दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. रक्त कमी पोचलं की त्वचा काळी पडते, जखम चिघळते. म्हणून मिशरी, तंबाखू, विडी किमान चार आठवडे आधी बंद. जखम भरेपर्यंतही बंदच. लाजू नका, खरं सांगा.

साखर आटोक्यात हवी. काढे-चूर्णं घेत असाल तर तेही सांगा. टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. ते काही दिवस थांबवायचं का, हे डॉक्टर ठरवतील. मनानं बंद करू नका.

पोटाची त्वचा-चरबी छातीवर बसवण्याचं ऑपरेशन सहा-आठ तास चालू शकतं, आणि पोट एकदाच वापरता येतं. दुसरा मार्ग सिलिकॉनच्या इम्प्लांटचा, म्हणजे छातीत बसवायच्या कृत्रिम पिशवीचा. ते त्यामानाने लवकर होतं, पण रेडिएशन झालेल्या छातीवर त्याभोवती कडक कवच धरण्याची शक्यता जास्त. कुठलंही निवडा, पूर्वीची संवेदना बहुधा परत येत नाही. हे आधीच विचारून घ्या, नाहीतर आरशासमोर उभं राहिल्यावर फार लागतं. आणि नको वाटलं तर नको म्हणा, बायांनो. शेजारणीने केलं म्हणून करायचं हे काम नाही.

आता घर. वरच्या फळीवरचे डबे आधीच खाली आणून ठेवा, कारण हात वर जाणार नाही. समोरून बटणं असलेले दोन-तीन गाऊन घ्या. पाण्याची कळशी, नातवंडं, गॅसची टाकी, काहीही जड साधारण सहा आठवडे उचलायचं नाही. घरी येताना बहुधा अंगाला जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिची बाटली असते. त्यात रोज किती पाणी साचलं ते मोजून वहीत लिहायचं. घरातल्या कुणीतरी, नवऱ्याने किंवा मुलाने, हे दवाखान्यातच नर्सकडून शिकून घ्यावं. ते अवघड नाही.