कम्पायलर आहे, पण हेडर कुठंय?

मंडळी, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर बांधायचं, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा (यालाच बिल्ड म्हणतात), म्हटलं की सगळे आधी कम्पायलरच्या, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, मागे लागतात. खरं तर या कामातला तो सगळ्यात सोपा भाग. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या डिस्ट्रिब्यूशनवर 'बिल्ड-इसेन्शियल' हे एकच पॅकेज टाका: जीसीसी आणि जी प्लस प्लस हे कम्पायलर, बांधकाम चालवणारा मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइल्स, सगळं एका दमात येतं. फेडोरात 'डेव्हलपमेंट टूल्स' नावाचा पॅकेजांचा गट आहे. मॅकवर टर्मिनलमधून एक्सकोडची कमांड लाइन टूल्स मागवली की क्लँग हा कम्पायलर हजर. अख्खा एक्सकोड उतरवून घ्यायची गरज नसते. विंडोजचं जरा वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

मग आपण सोर्सचा टारबॉल, म्हणजे सगळ्या फाइलींचं एक गाठोडं, आणतो, उलगडतो, मशीन तपासणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट आणि मग 'मेक' चालवतो आणि तिथंच घोडं पेंड खातं. स्क्रीनवर येतं, 'फेटल एरर: झेडलिब डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. माणूस चक्रावतो. झेडलिब ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी तर मशीनवर आहे! त्याशिवाय निम्मे प्रोग्राम चाललेच नसते.

आहे, पण अर्धी. सी प्रोग्राम तयार होताना प्रीप्रोसेसर, कम्पायलर, असेंब्लर आणि लिंकर अशा चार हातांतून जातो. प्रीप्रोसेसरला हवी असते हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीत कोणकोणती फंक्शन्स आहेत आणि ती कशी बोलवायची याची यादी. लिंकरला हवी असते प्रत्यक्ष लायब्ररी. तयार प्रोग्राम नुसता चालवायला हेडर लागत नाही, म्हणून डिस्ट्रिब्यूशनवाले तिचे दोन भाग करतात. चालवण्यापुरता भाग आपोआप बसतो. बांधण्यासाठी लागणारा भाग वेगळ्या पॅकेजात असतो. डेबियनच्या घराण्यात त्याच्या नावाला शेवटी 'डेव्ह' लागतं, फेडोराच्या घराण्यात 'डेव्हल'. बिल्ड अडला की दहातल्या आठ वेळा दुखणं हेच निघतं, हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे.

म्हणून एरर कुठल्या टप्प्यावरची आहे ते आधी ओळखा. हेडर सापडली नाही तर वर सांगितलेली ओळ दिसते. लायब्ररी सापडली नाही तर लिंकर 'कॅनॉट फाइंड' म्हणतो. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू इन्फ्लेट' असं दिसलं तर हेडर मिळाली, कम्पाइलही झालं, पण इन्फ्लेट या फंक्शनचा प्रत्यक्ष कोड लिंकरच्या हाती आला नाही. झेडलिबचं नाव कमांडमधून राहिलं असेल, किंवा ते ऑब्जेक्ट फाइल्सच्या, म्हणजे आपल्या कम्पाइल झालेल्या फाइलींच्या, आधी लिहिलं गेलं असेल. स्टॅटिक लायब्ररीच्या बाबतीत लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, त्यामुळे मागणारा आधी आणि देणारा नंतर असा क्रम लागतो.

आता त्या कॉन्फिगरकडे या, कारण लोक त्याला उगाच घाबरतात. ती एक लांबलचक शेल स्क्रिप्ट आहे. ऑटोकॉन्फ नावाचं हत्यार ती तयार करतं. डेव्हिड मॅकेन्झी यांनी ते १९९१ मध्ये लिहायला घेतलं. त्या काळी युनिक्सचे पंथ इतके झाले होते की कुठल्या मशीनवर काय आहे हे गृहीत धरायची सोय नव्हती. मग कॉन्फिगर करतं काय? 'कॉन्फटेस्ट डॉट सी' नावाचा चार ओळींचा प्रोग्राम लिहितं, कम्पाइल करून बघतं, जमला तर 'येस' छापतं, नाही तर 'नो'. लगेच पुढचा प्रश्न. स्क्रीनवर धावणाऱ्या बऱ्याच ओळी म्हणजे असे छोटे छोटे प्रयोग असतात.

या सगळ्या प्रयोगांची नोंद 'कॉन्फिग डॉट लॉग' या फाइलमध्ये राहते, आणि ती कुणी उघडतच नाही. उदाहरण घ्या. कॉन्फिगर सुरुवातीलाच म्हणतं, 'सी कम्पायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स'. लोक जीसीसी काढून परत टाकतात. तीच एरर पुन्हा येते. लॉग उघडला की कळतं, कधी तरी कम्पायलरला पर्याय देणाऱ्या सीफ्लॅग्स या व्हेरिएबलमध्ये घातलेला चुकीचा पर्याय तिथंच पडून आहे आणि जीसीसी त्याला नकार देतोय. लॉग वाचताना थेट तळाशी मात्र जाऊ नका. तळाला व्हेरिएबल्सची भलीमोठी यादी असते. त्या यादीच्या वर सरका, शेवटचा फसलेला प्रयोग तिथं सापडेल: नेमकी कमांड, कम्पायलरचं उत्तर आणि कॉन्फटेस्टचा मजकूर, तिन्ही.

डेबियनवाल्यांना एक आडवाट आहे. तुम्हाला हवं ते सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनमध्ये जुन्या आवृत्तीत असेलच, तर सोर्सच्या रिपॉझिटरी चालू करून 'ॲप्ट बिल्ड-डेप' आणि त्याचं नाव द्या. बांधायला लागणारी पॅकेजं एकदम उतरतात. नव्या आवृत्तीला एखाददुसरं जास्त लागेल, तेवढं हाताने टाकायचं.

कॉन्फिगरऐवजी सीमेक किंवा मेसन वापरणाऱ्या प्रकल्पांत चौकशी हीच, फक्त विचारणारा वेगळा. सीमेकची एक खोड लक्षात असू द्या: मिळालेली उत्तरं तो 'सीमेककॅश' फाइलमध्ये जपून ठेवतो. तुम्ही कम्पायलर बदललात तरी तो जुन्याच उत्तरांवर चालतो. म्हणून बिल्ड नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करा आणि शंका आली की तो फोल्डर उडवून द्या. सोर्सला धक्का लागत नाही.

मेक मात्र या सगळ्यांचा आजोबा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिलेला. फाइलींच्या वेळा बघायच्या आणि जे शिळं झालंय तेवढंच पुन्हा बांधायचं, एवढंच त्याचं डोकं, आणि ते अजून पुरतं. 'जे' पर्याय देऊन त्याला एका वेळी अनेक कामं करायला लावता येतात. वेळ वाचतो, पण दोन गोष्टी होतात. एक म्हणजे सी प्लस प्लसची मोठी फाइल कम्पाइल होताना मेमरी भरपूर खाते. आठ फाइली एकदम लावल्या आणि मेमरी संपली, की लिनक्स एखाद्या कम्पायलरचा गळा धरतो आणि तुम्हाला 'किल्ड' असा शब्द दिसतो. कोडमध्ये दोष नसतो. आकडा कमी करा. दुसरं, एक काम फसलं तरी सोबतची कामं आपापल्या ओळी छापत राहतात आणि खरी एरर वर कुठं तरी गडप होते. अशा वेळी मेक एकेरी चालवा. पहिली एरर वाचा, बाकीच्या बहुधा तिचीच पिल्लं असतात.

विंडोजवर एमसिस-टू हा बिल्डच्या हत्यारांचा संच घ्या असं मी सांगेन. त्यात शेल, म्हणजे कमांड द्यायच्या खिडक्या, अनेक आहेत, आणि गोंधळ तिथंच होतो. यूसीआरटी-६४ च्या शेलमध्ये काम करायचं ठरवलं तर पॅकेजंही त्याच शेलसाठीची टाका. एकाची लायब्ररी आणि दुसऱ्याचा कम्पायलर अशी सरमिसळ केली की दिवस गेला म्हणून समजा. फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका, मेकला ती पचत नाही. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, तेही छान आहे, पण त्यात नेहमीच्या पद्धतीने बांधलेला प्रोग्राम लिनक्सचा असतो, विंडोजचा नव्हे.

बांधून झाल्यावर 'मेक इन्स्टॉल' सहसा सगळं 'यूएसआर लोकल'मध्ये टाकतं. काढायची सोय प्रत्येक प्रकल्पात असतेच असं नाही. त्यापेक्षा कॉन्फिगरला 'प्रीफिक्स' म्हणून आपल्या होम फोल्डरमधला एखादा कोपरा द्या. नको झालं की तो फोल्डर पुसला, संपलं.

यात सुरक्षेचाही भाग आहे. कॉन्फिगर ही दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट असते आणि ती आपण डोळे मिटून चालवतो. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधलं मागचं दार जगासमोर आणलं. दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या कुतूहलापोटी ते सापडलं. ते उघडणारा मजकूर बिल्डच्या एका मॅक्रो फाइलमध्ये होता, आणि ती बदललेली फाइल फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, प्रकल्पाचा कोड जिथं उघड ठेवलेला असतो त्या गिटमध्ये नव्हती. सही तपासूनही ते पकडलं गेलं नसतं, कारण टारबॉल आतल्याच माणसाने बनवलेला. तरी सही तपासाच, निदान वाटेत कुणी फाइल बदलली तर कळेल. आणि कॉन्फिगर, मेक ही दोन्ही साध्या युजरनेच चालवा. सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड, लागला तर इन्स्टॉललाच, आणि प्रीफिक्स होम फोल्डरमधला असेल तर तिथंही नाही.

आता प्रश्न घेऊ. कुणाचा बिल्ड अडला असेल तर स्क्रीनवरची शेवटची ओळ नको, पहिली एरर वाचून दाखवा.