सुई फिरवण्याआधी पातं बघा!

नमस्कार मंडळी! हा माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा प्रोपेलर नीट बघा. (प्रोपेलर कॅमेऱ्याजवळ) याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा जड आहे. फार नाही, चिकटपट्टीच्या एका तुकड्याइतकं. पण त्यापायी मी एक अख्खी सकाळ इंजिनाची सुई, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, पिळण्यात घालवली. फुल थ्रॉटल दिला की इंजिनाचा आवाज कर्कश व्हायचा आणि दहाएक सेकंदांत ते बंद. सुई उघडून झाली, ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार) बदलून झाला... आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

जड पात्यामुळे विमान थरथरत होतं आणि त्या थरथरीनं टाकीतल्या इंधनाला फेस येत होता. फेस म्हणजे बुडबुडे. ते नळीतून कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळतात तिथं, गेले की इंजिनाला इंधन कमी, हवा जास्त. आपल्या भाषेत, इंजिन लीन.

म्हणून आधी प्रोपेलर. मधल्या भोकात घट्ट बसेल अशी सरळ दांडी घाला आणि ती दोन ब्लेडच्या धारांवर आडवी ठेवा. जड पातं आपोआप खाली जातं. त्याची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरनं थोडी थोडी घासा. कुठं चीर किंवा टवका दिसला तर घासत बसू नका, सरळ फेकून द्या. १० इंची प्रोपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेतो तेव्हा त्याचं टोक ताशी जवळपास ४८० किलोमीटरनं फिरत असतं. त्याच्या रेषेत बाजूला उभं राहू नका, मित्रालाही राहू देऊ नका.

आता यावरचा आकडा वाचा, १०×६. दहा इंच व्यास, सहा इंच पिच. लाकडात स्क्रू जातो तसा हा हवेत जराही न घसरता गेला, तर एका फेऱ्यात सहा इंच पुढे सरकेल. १०,००० आरपीएमला हिशेब ताशी ९१ किलोमीटरवर येतो. प्रत्यक्षात हवा निसटते, तो भाग वेगळा. शिकाऊ विमानाला मी त्याच इंजिनावर ११×५ लावतो. वेग थोडा कमी, पण ओढ चांगली आणि उतरताना विमान लवकर मंदावतं. फक्त प्रोपेलर बदलला की इंजिनावरचा भार बदलतो, म्हणजे सुई पुन्हा लावणं आलं.

तर आता सुई. इंजिन गरम होऊ द्या, विमान कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही मागून हात घाला. फुल थ्रॉटलवर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा. (नळीवर क्लोजअप) आवाज किंचित चढून लगेच पडला, तर सुई बरोबर. बराच चढला तर इंजिन रिच आहे, म्हणजे इंधन जास्त. चढलाच नाही, थेट पडला, तर लीन; सुई लगेच थोडी उघडा. मग नाक आभाळाकडे करून पुन्हा ऐका, कारण चढताना टाकी सुईच्या खाली जाते आणि इंधन वर ओढावं लागतं.

आवाज सगळ्यात गोड लागतो तिथं थांबायचा मोह होतो, मलाही होतो. पण या टू-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन कमी केलं की तेलही कमी. म्हणून जरा रिचच ठेवा, धूर दिसला पाहिजे.

रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरची बॅटरी सगळ्यात शेवटी बसवा, कारण प्रोपेलर आणि मफलर (सायलेन्सर) बदलले की वजनही बदलतं. विमानाच्या नकाशात सीजी, म्हणजे विमान जिथं तोललं जातं तो गुरुत्वमध्य, दिलेला नसेल, तर साध्या सरळ पंखाला पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर धरा. पंख २४ सेंटीमीटर रुंद असेल तर ६ ते ८ सेंटीमीटर. तिथं बोटांवर विमान तोला, आणि टाकी रिकामी ठेवून तोला! टाकी पुढे असते, त्यामुळे इंधन संपत जातं तसा सीजी मागे सरकतो. भरल्या टाकीवर बरोबर वाटलेलं विमान शेवटच्या मिनिटाला शेपटाकडे जड होतं आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटावरची फळी) जरा हलवला तरी उसळतं.

शेपूट जड निघालं की लोक आधी नाकात शिसं भरतात. अहो, बॅटरी सरकवा ना! अडीच किलोच्या विमानात १०० ग्रॅमची बॅटरी २० सेंटीमीटर पुढे नेली, तर सीजी ८ मिलिमीटर पुढे येतो, तोही एक ग्रॅम न वाढवता. बॅटरी फोममध्ये गुंडाळा, नाहीतर थरथरीनं वायरींचे टाके सुटतात. पट्ट्यानं आवळा, मग विमान उलटं करून हलवा. आत काही खडखडलं तर झाकण पुन्हा उघडा, त्याशिवाय उडवू नका.