२८ ते ३१ इंच

[दृश्य : पहाट. वाळूवर उभ्या गाड्या. लाटांचा आवाज.]

नोव्हेंबरचे पहिले दिवस. न्यू जर्सीचा किनारा, आयलंड बीच स्टेट पार्क. पुरतं उजाडलेलं नाही, तरी पुळणीवर गाड्यांची रांग लागलीय. इथे गाडी थेट वाळूवर नेता येते, पण त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो आणि फावडं, टोचनाचा दोर, टायरची हवा मोजायचं यंत्र सोबत बाळगावं लागतं. माणसं गाडीतच बसून आहेत. कॉफीचे घोट घेत समोर बघताहेत. गळ टाकायची कुणालाच घाई नाही.

ते पक्षी शोधताहेत. गॅनेट नावाचा पांढराशुभ्र समुद्रपक्षी उंचावरून पंख आवळून पाण्यात सूर मारायला लागला, की खाली मासळी आहे हे नक्की.

[दृश्य : पाण्यावर उसळी. पळणारी माणसं.]

आणि मग किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाणी खदखदायला लागतं. तळहाताएवढे बंकर मासे, म्हणजे आपल्या तारलीचे लांबचे नातेवाईक, जीव वाचवायला हवेत उड्या घेतात. काही तर थेट वाळूवर येऊन तडफडतात. खालून त्यांच्यावर तुटून पडलेला असतो स्ट्राइप्ड बास. गाड्यांची दारं धडाधड उघडतात, रॉड निघतात. इथले लोक याला ब्लिट्झ म्हणतात. पाच मिनिटं चालेल, नाहीतर तासभर. भरवसा नाही.

स्ट्राइप्ड बास. लाडाचं नाव स्ट्रायपर. मेरीलँडमध्ये त्यालाच रॉकफिश म्हणतात. रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. आयुष्य तीस वर्षांचं असू शकतं. जन्म नदीच्या गोड्या पाण्यात, मुख्यतः चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, शिवाय डेलावेअर आणि हडसनमध्ये. मोठा झाला की समुद्रात. उन्हाळा तो मॅसॅच्युसेट्स आणि मेन या उत्तरेकडच्या राज्यांच्या थंड पाण्यात काढतो. सप्टेंबर सरला, पाणी निवायला लागलं, की किनारा धरून दक्षिणेकडे निघतो आणि वाटेत हिवाळ्याची बेगमी करत जातो. केप कॉड, ऱ्होड आयलंड, मग लाँग आयलंडच्या टोकावरचं माँटॉक. तिथल्या १७९६ सालच्या दीपगृहाखालच्या खडकांवर वेटसूट घालून, बुटांना खिळे ठोकून, रात्रभर लाटा अंगावर घेत उभे राहणारे गडी आहेत. त्यानंतर पाळी न्यू जर्सीची.

एडिसनला राहणाऱ्या मराठी मंडळींना यासाठी फार लांब जायला नको. गावाच्या कडेने वाहणारी रॅरिटन नदी ज्या खाडीला मिळते, ती खाडी स्ट्रायपरसाठी नावाजलेली आहे. खाऱ्या पाण्यात गळ टाकायला न्यू जर्सी पैसे घेत नाही. फक्त नाव नोंदवायचं. तेही फुकट.

फुकट नाही तो मासा.

[दृश्य : जवळून. ओले हात, मोजपट्टी, मासा.]

मासा बाहेर आला. हात आधी ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमांना वाट मिळते. पट्टीवर आडवा ठेवायचा. तोंड मिटायचं, ते पट्टीच्या शून्याला टेकवायचं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणायची. आता वाचा. पावणेअठ्ठावीस? परत पाण्यात. बत्तीस? परत पाण्यात. २८ ते ३१ इंच, म्हणजे साधारण ७१ ते ७९ सेंटीमीटर, एवढ्याच पट्ट्यात बसला तर घरी न्यायचा. माणशी दिवसाला एक. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडे तर या माशासाठी गळ टाकायलाच बंदी आहे, १९९०पासून. तिथे पाणी कितीही उसळू दे, बोटवाल्याने बघत बसायचं.

लहान मासा सोडायचा हे कुणालाही पटतं. मोठा का सोडायचा? एक कारण सरळ आहे. मादी जितकी मोठी, तितकी अंडी जास्त. दुसरं कारण समजून घ्यायला एका वर्षाकडे बघावं लागेल : २०१५.

या माशाची पैदास दरवर्षी सारखी होत नाही. बरीच वर्षं जेमतेम जातात आणि मधूनच एखादं वर्ष भरभरून देतं. २०१५ तसं होतं. सात वर्षांनी, २०२२मध्ये, ती पिढी वाढून बरोबर त्या वेळच्या मापात आली. तेव्हाचं माप होतं २८ ते ३५ इंच. किनाऱ्यावर आनंदीआनंद! गळवाल्यांनी त्या एका वर्षात घरी नेलेले मासे २०२१च्या मानाने जवळजवळ दुप्पट झाले. मासळी वाढली म्हणून लोक खूश, आणि तज्ज्ञांच्या पोटात गोळा, कारण त्यामागून येणाऱ्या पिढ्या बारीक होत्या. मे २०२३मध्ये अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशनने तातडीने वरची मर्यादा ३५वरून ३१ इंचांवर आणली. किनारपट्टीवरच्या राज्यांची ही एकत्रित संस्था आहे, १९४२पासूनची. २०१५ची पिढी या फटीतून पलीकडे निसटावी, हाच हेतू होता. पुढच्या वर्षी ते माप कायम केलं.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, लाकडी बोटी.]

या माशावरचे कायदे अमेरिका या देशापेक्षाही जुने आहेत. १६३९मध्ये मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने फर्मान काढलं होतं की बास आणि कॉड शेताला खत म्हणून वापरायचे नाहीत. म्हणजे तोवर वापरत होते! पुढे १६७०मध्ये प्लिमथ वसाहतीने मासेमारीच्या उत्पन्नातून, त्यात बासही आला, शाळा चालवायचं ठरवलं.

मग शतकं गेली आणि मासा संपायला आला. १९७३मध्ये धंदेवाईक मच्छीमारांची पकड दीड कोटी पौंडांच्या घरात होती. दहा वर्षांत ती ३५ लाखांवर घसरली. १९८४मध्ये अमेरिकी संसदेने खास या एका माशासाठी कायदा केला : जे राज्य कमिशनचे नियम पाळणार नाही, तिथे केंद्र सरकार थेट बंदी घालेल. १९८५पासून मेरीलँडने सगळी पकड बंद केली, ती १९९०पर्यंत. धंदेवाल्यांनाही आणि हौशींनाही. याच १९८५मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या कडेने हडसनमध्ये भराव टाकून बांधायचा वेस्टवे नावाचा प्रचंड महामार्ग रद्द झाला. विरोधकांनी कोर्टात जे मुद्दे लढवले, त्यात कळीचा ठरला स्ट्रायपरच्या पिल्लांचा तिथला हिवाळी मुक्काम. माशामुळे रस्ता अडल्याचं ऐकलंय कधी?

बंदी लागू पडली. १९९५मध्ये साठा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. मत्स्यव्यवस्थापनाच्या वर्गांत ही यशोगाथा म्हणून शिकवायला लागले. आणि इथेच गोष्ट अवघड होते.

मासेमारीचे निर्बंध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ट्रॉलर येतात, पर्ससीन जाळी येतात, पावसाळ्यातली दोन महिन्यांची बंदी येते. शेवटी धंदा करणाऱ्याला आवर घालायचा. इथे हिशोब उलटा आहे. स्ट्रायपरची दरवर्षी जी एकूण मर होते, तिच्यातला ८५ ते ९० टक्के वाटा हौशी गळवाल्यांचा असतो. रविवारी सकाळी मुलाला घेऊन आलेला बाप, निवृत्त पोलीस, कामावर जाण्याआधी तासभर दोरी फेकणारा सुतार. यांतला कुणीही लुटारू नाही. पण ते लाखोंनी आहेत.

[दृश्य : मासा पाण्यात सोडताना. शेपटीजवळचा हात.]

त्यांतले बरेचजण तर मासा घरी नेतच नाहीत. पकडायचा, फोटो काढायचा, सोडायचा. पण या सोडलेल्या माशांचाही हिशोब आहे. कमिशन धरून चालतं की सोडलेल्या प्रत्येक शंभरातले नऊ पुढे मरतात. हा आकडा मॅसॅच्युसेट्समधल्या एका खाऱ्या तळ्यात केलेल्या आणि १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आला. शंभरात नऊ, ऐकायला किरकोळ वाटतं. पण २०२२मध्ये सोडलेले मासे होते तीन कोटींच्या आसपास. करा गुणाकार. सत्तावीस लाख मासे, जे कुणाच्या ताटात गेले नाहीत आणि कुठल्या बर्फाच्या पेटीतही दिसले नाहीत. काही वर्षी तर सोडून मेलेले मासे नेलेल्या माशांइतके भरतात.

म्हणून माप आवळायचं अस्त्र एका मर्यादेनंतर बोथट होतं. पट्टा अरुंद केला की ठेवायचे मासे कमी होतात आणि सोडायचे वाढतात. गळाला लागणारे तितकेच राहतात.

उपाय थोडेफार आहेत. २०२१पासून आमिष लावून पकडायचं तर सर्कल हुक सक्तीचा झाला. साध्या गळाचं टोक सरळ वर असतं, याचं टोक काटकोनात आत, दांडीकडे वळलेलं. माशाने आमिष गिळलं तरी गळ सहसा घशात रुतत नाही, ओढताना सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. एकच पथ्य : दोरी हलली की झटका द्यायचा नाही, मासा पळू लागेल तसं नुसतं गुंडाळत राहायचं. ज्यांनी उभा जन्म झटका देण्यात घालवला, त्यांच्या हाताला ही सवय लागता लागत नाही. गॅफ, म्हणजे मासा बोटीत ओढायचा अणकुचीदार आकडा, तोही आता बंद. आणि पाणी जितकं गार, तितका सोडलेला मासा जगण्याची शक्यता जास्त. त्या हिशोबाने ऑक्टोबर-नोव्हेंबरची हौस जुलैच्या हौशीपेक्षा माशाला स्वस्त पडते. मेरीलँडने हे ओळखून ऐन उन्हाळ्यात काही दिवस चेसापीकमध्ये या माशासाठी गळ टाकायलाच मनाई केली. ठेवणं तर सोडाच, पकडून सोडणंही नाही. माझ्या मते खरा नियम हाच. गळवाल्यांना तो सर्वांत कमी आवडतो, आणि पाण्यात गळ टाकून बसलेल्या माणसाला ‘तू नेमका कुठल्या माशासाठी बसलायस?’ हे वॉर्डन तरी कसं सिद्ध करणार?

[दृश्य : टपालपेटी, प्रश्नावलीचा कागद.]

आता कुणी विचारेल, हे लाख-कोटी मोजले कुणी? धंदेवाल्याचा मासा बाजारात तोलला जातो, पावती फाटते. हौशीचा मासा थेट कढईत जातो, नाहीतर परत पाण्यात. म्हणून केंद्र सरकारच्या मत्स्यखात्याच्या पाहणीसाठी माणसं धक्क्यांवर आणि किनाऱ्यांवर उभी राहून परतणाऱ्यांना विचारतात, काय लागलं, किती सोडले. आणि किती जण किती वेळा गेले, ते कळावं म्हणून घरोघरी टपालाने प्रश्नावली जाते. पूर्वी हे फोनवर विचारायचे. २०१८मध्ये फोनचे जुने आकडे टपालाच्या मापाने सुधारून घेतले, तेव्हा स्ट्रायपरच्या पकडीचा अंदाज दुपटीहून वर गेला. तो अंदाज धरून नवं मूल्यमापन झालं आणि निष्कर्ष निघाला की साठा धोक्याच्या रेषेखाली आहे. पुढे २०२३मध्ये त्याच खात्याने सांगितलं की प्रश्नावलीतल्या प्रश्नांचा क्रम बदलून पाहिला, तर फेऱ्यांचा अंदाज ३० ते ४० टक्क्यांनी कमी भरतो. गळवाल्यांच्या कट्ट्यावर यावर काय बोललं गेलं असेल, ते इथे ऐकवण्यासारखं नाही.

[दृश्य : उथळ पाण्यात जाळं ओढणारी माणसं.]

एक मोजणी मात्र कुणाच्या आठवणीवर चालत नाही. मेरीलँडमध्ये १९५४पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या जागी छोटी रापण लावतात. एक टोक किनाऱ्यावर, दुसरं पाण्यातून फिरवून परत काठाला. ओढायची, आणि त्या वर्षी जन्मलेली स्ट्रायपरची पिल्लं मोजायची. बोटभर लांबीची, अंगावर रेघा उमटू लागलेली. त्याच जागा, तीच पद्धत, सत्तर वर्षं. दर ओढीला सापडणाऱ्या पिल्लांची दीर्घकालीन सरासरी आहे ११च्या आसपास. २०१९पासून एकही वर्ष त्याच्या निम्म्यावर गेलेलं नाही. २०२३मध्ये ओढीला पिल्लू होतं एक. हिवाळा सौम्य, बर्फ कमी, वसंतात नद्यांना पाणी कमी, अशा वर्षी पिल्लं जगत नाहीत. या बाबतीत कुठलीच मोजपट्टी काही करू शकत नाही. आज न जन्मलेल्या पिल्लाची उणीव २८ इंचांच्या मापात दिसते ती सात-आठ वर्षांनी. म्हणजे आज नोव्हेंबरात जी उसळी दिसतेय, ती जुन्या पुंजीवरची आहे.

साठा २०२९पर्यंत ठरलेल्या पातळीला परत आणायचा, असं कमिशननेच स्वतःला बांधून घेतलं आहे. त्यासाठी एकूण मर आणखी १२ टक्क्यांनी कमी करण्याचा प्रस्ताव समोर होता. त्यात काही आठवड्यांच्या बंदीचा पर्याय होता. पण कुठल्या राज्याच्या कुठल्या महिन्यात? मेनला हंगाम उन्हाळ्यात, न्यू जर्सीला शरदात. जो महिना एकाला फुकट, तो दुसऱ्याच्या चार्टर बोटींचा आणि आमिषाच्या दुकानांचा अख्खा धंदा. ऑक्टोबर २०२५च्या बैठकीत या प्रस्तावावर मतदान झालं. कपात नामंजूर झाली, पुढचा विचार करायला एक कार्यगट नेमला.

माशाची लांबी मोजताना तोंड मिटून, शेपटी चिमटीत धरूनच मोजायची, सगळ्या राज्यांत एकसारखी, हा ठराव मात्र त्याच बैठकीत मंजूर झाला.