सोलापूरवरचं वादळ, बेळगावातून

श्रोतेहो, वळीव डोक्यावर गडगडत असेल तेव्हा स्प्राइटची आशा सोडा. स्प्राइट म्हणजे वादळाच्या खूप वर, ५० ते ९० किलोमीटर उंचीवर उमटणारा तांबडा विद्युत विसर्ग. तो पाहायचा तर वादळ दीडशे ते तीनशे किलोमीटर दूर हवं आणि इकडचं आकाश मोकळं हवं. बेळगावपासून सोलापूर सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर, ईशान्येला. एप्रिल-मेमध्ये किंवा परतीच्या पावसात तिकडे वादळ उठलं, की आपली जागा उत्तम.

एवढ्या अंतरावरून स्प्राइट क्षितिजापासून दहा ते एकोणीस अंशांवर दिसतो. हात ताठ धरला तर एक मूठ सुमारे दहा अंशांची. म्हणजे पहिली मूठ सोडून दुसरीत बघायचं. लोक हमखास ढगातल्या लखलखाटाकडेच कॅमेरा रोखतात. क्षितिज चौकटीच्या अगदी तळाशी ठेवा.

जागा निवडताना उंचीपेक्षा अंधार महत्त्वाचा. राजहंसगडावरून नजर लांब जाते, पण उत्तरेला शहराचा उजेड आहे. त्यापेक्षा शहराच्या ईशान्येचा एखादा माळ बरा, झगमगाट पाठीशी राहतो.

ढगातून जमिनीवर धन भार नेणारी जबर वीज पडली, की वरच्या विरळ हवेत विद्युतक्षेत्र एकदम वाढतं आणि नायट्रोजन तांबडा उजळतो. अशा विजा बहुतेक वेळा वादळाच्या मागच्या पसरट, संथ पावसाच्या भागात पडतात. म्हणून वादळ ओसरू लागलं म्हणून सामान आवरू नका. खरी वेळ तीच. इन्सॅटच्या इन्फ्रारेड चित्रात मोठा, पसरलेला थंड ढग शोधा. एकटादुकटा उंच ढग सहसा निराशा करतो.

लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटर, छिद्र एफ १.८, आयएसओ ३२०० ते ६४००. ऑटोफोकस बंद करून ठळक तारा स्क्रीनवर मोठा करा आणि हातानं फोकस साधा. स्प्राइट सेकंदाच्या काही हजारांश ते काही शतांश भागापुरताच टिकतो, त्यामुळे लांब एक्स्पोजरमध्ये आकाशाचा उजेड साचून तो फिकटतो. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ आणि शटर १/२५ ठेवा. फोटोच घ्यायचे तर दोन-दोन सेकंदांचे, सलग. तेव्हा 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आंधळा राहतो.

पहिलं चित्र ६ जुलै १९८९ रोजी मिळालं, तेही मिनेसोटा विद्यापीठाच्या मंडळींना रॉकेटसाठीचा कॅमेरा तपासताना, अनपेक्षितपणे. आपण मात्र फ्रेम न् फ्रेम तपासायची. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असलेला लाल ठिपका सेन्सरचा दोष. विजेबरोबर उमटणारा हिरवट गोळा बहुधा लेन्समधलं परावर्तन. स्प्राइट एक-दोन फ्रेमपुरताच येतो. शेजारी तारे असतील आणि कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी आधी जुळवलेलं असेल, तर दुसऱ्या गावच्या निरीक्षकाच्या चित्राशी ताडून उंची काढता येते.

आणि माळावर गडगडाट ऐकू आला, तर तिपाई तिथेच सोडून आधी गाडीत शिरा.