बलून घरावर ठेवा : आरटीईच्या २५ टक्के जागांची वाट

(दृश्य : मोबाइलचा पडदा. नकाशा. लाल बलून बोटाने सरकतो आहे.)

हा लाल बलून नीट बघा. नकाशावर गल्ली दिसते, देऊळ दिसतं, पाण्याची टाकी दिसते. आपलं घर मात्र आपणच शोधून दाखवायचं असतं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी जो अर्ज भरायचा, त्यात पत्ता नुसता लिहून भागत नाही. बलून घराच्या छपरावर आणून सोडावा लागतो. शाळा तुमच्यापासून एक किलोमीटरच्या आत आहे, एक ते तीनच्या पट्ट्यात आहे की त्याहून लांब, हे याच बिंदूवरून मोजलं जातं. आणि सोडतीत जवळच्या मुलाचा नंबर आधी.

नेट कॅफेत गर्दीच्या वेळी अर्ज भरला, की बलून बऱ्याचदा कॅफेच्याच आसपास राहून जातो. कधी तो चौकात असतो, कधी शेजारच्या वस्तीत. अर्ज तर जातो, सोडतही लागते. मग पडताळणी समिती नकाशा उघडते, रहिवासाच्या पुराव्यावरचा पत्ता वाचते, आणि दोन्ही जुळत नाहीत. हातात आलेली जागा तिथेच जाते. म्हणून बलून ठेवल्यावर नकाशा मोठा करा, गल्लीचं तोंड, वळण, ओळखीची इमारत पडताळा आणि मगच पुढे जा.

(दृश्य : शाळेचं फाटक, सकाळची वेळ. गणवेशातली मुलं.)

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय की खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. शाळांनी याला आव्हान दिलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरतूद कायम ठेवली, अल्पसंख्याक शाळांना मात्र वगळलं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९० पासून पालकांना व्हाउचर मिळतं आणि ते घेऊन खासगी शाळा निवडता येते. आपल्याकडे पालकाच्या हाती काही येत नाही. मुलाला जागा मिळते आणि शुल्काची प्रतिपूर्ती सरकार थेट शाळेला करतं.

(दृश्य : तहसील कार्यालयाची रांग. हातात प्लास्टिकच्या पिशव्या.)

ही रांग अर्ज सुरू झाल्यावर लावायची नाही, त्याच्या दोन महिने आधी लावायची. अर्ज भरताना दाखल्यांची माहिती लागते, आणि पडताळणीत दाखल्यावरची तारीख बघतात. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीचा हवा. सोडत लागल्यावर धावपळ करून काढलेला दाखला उपयोगी पडत नाही, आणि सर्वांत जास्त कुटुंबं अडखळताना दिसतात ती इथेच.

दाखला कोणाला कोणता लागतो, यात फार गोंधळ आहे. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग : या मुलांना उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला पुरतो, मुलाचा किंवा वडिलांचा. तरीही ओबीसी पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार-चार खेपा घालतात. उत्पन्नाचा दाखला लागतो तो दुर्बल घटकासाठी. म्हणजे जात कोणतीही असो, वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत आहे त्यांच्यासाठी. दाखला त्या वर्षीच्या सूचनेत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचाच हवा. परराज्यातला जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला चालत नाही. बांधकामावर, ऊसतोडीवर, कारखान्यात बाहेरून आलेल्या कुटुंबांना हे आधी सांगायला हवं, आणि ते कोणी सांगत नाही.

दिव्यांग मुलासाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. एचआयव्हीबाधित आणि अनाथ मुलांचाही वंचित गटात समावेश आहे. आई एकटी मूल सांभाळत असेल, तर घटस्फोटाचा न्यायालयीन आदेश किंवा पतीचा मृत्यूचा दाखला काढून ठेवा. रहिवासाचा पुरावाही तिच्याच नावाचा हवा.

(दृश्य : भाडेकराराचा कागद. नोटरीचा गोल शिक्का. कॅमेरा शिक्क्यावर स्थिरावतो.)

हा शिक्का लक्षात ठेवा, कारण हा चालत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा भाडेकरार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला लागतो. नोटरीचा करार पडताळणीत बाद होतो. नोंदणीला पैसे लागतात आणि घरमालकाला तयार करावं लागतं, म्हणून लोक नोटरीवर भागवतात. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, अर्जाच्या आधीच्या तारखेचा, हाच धरून चाला. रेशनकार्ड, वीजबिल, मतदार ओळखपत्र, आधार यांपैकी काही सध्याच्या पत्त्याचं असेल तर काम सोपं.

वयाचं गणित प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला करायचं. पहिलीसाठी त्या दिवशी ६ वर्षं पूर्ण हवीत, आणि वरची मर्यादा ७ वर्षं ५ महिने ३० दिवस. जन्माच्या दाखल्यावरची तारीख आणि अर्जातली तारीख अगदी एक हवी.

(दृश्य : पुन्हा पडदा. शाळांची यादी, समोर खुणेची चौकट.)

अर्ज फुकट आहे. कोणी 'प्रवेश करून देतो' म्हणत पैसे मागत असेल, तर तिथून उठा. शाळा निवडता येतात दहापर्यंत. पालक घाईत एकच नावाजलेली शाळा टाकतात आणि बाकीच्या नऊ चौकटी रिकाम्या ठेवतात. त्या एका शाळेसाठी शेकडो अर्ज आलेले असतात. एक किलोमीटरच्या आतल्या शाळा आधी पायी फिरून बघा आणि जिथे मूल रोज जाऊ शकेल अशी प्रत्येक शाळा यादीत घ्या. शाळेचा प्रवेशस्तर तपासा : काही शाळांत पहिली, काहींत नर्सरी किंवा ज्युनिअर केजी. मुलाच्या नावाने एकच अर्ज. जादा संधी मिळेल म्हणून नावाचं स्पेलिंग बदलून दुसरा अर्ज भरला, तर दोन्ही अर्ज धोक्यात येतात.

माहिती भरून ठेवली म्हणजे अर्ज गेला असं नाही. शेवटचं बटण दाबून अर्ज कायम करावा लागतो. त्याची प्रिंट काढा, अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहा. कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर अर्जात देऊ नका, स्वतःचाच द्या.

(दृश्य : सोडतीचा दिवस. निवेदन नाही. दहा सेकंद.)

निवड झाल्याचा एसएमएस येतो. पण त्याची वाट बघत बसू नका. नंबर बदललेला असतो, रिचार्ज संपलेला असतो. संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून रोज स्थिती पाहा. नाव आलं की प्रवेशपत्र आणि हमीपत्राची प्रिंट घ्या, मूळ कागद आणि छायाप्रतींचा एक संच घ्या, आणि मुदतीत पडताळणी समितीकडे जा. समिती पंचायत समितीत किंवा शहरात वॉर्डाच्या पातळीवर बसते. पडताळणीनंतर शाळेत जाऊन प्रवेश पक्का करायचा. पहिल्या यादीत नाव येऊनही न गेलेल्या मुलाचा पुढच्या फेरीत विचार होत नाही. प्रतीक्षा यादीतल्यांनी मात्र आशा सोडू नये. जागा रिकाम्या होतात तशी ती यादी टप्प्याटप्प्याने पुढे सरकते.

(दृश्य : उच्च न्यायालयाची इमारत, मुंबई.)

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला : ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. शहरातल्या बहुतेक चांगल्या शाळा एका फटक्यात यादीबाहेर गेल्या. पालक न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. आज यादीत दिसणाऱ्या कितीतरी शाळा त्या निकालामुळे दिसताहेत.

(दृश्य : वर्ग. बाकावरची मुलं.)

शुल्क माफ आहे ते आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फी भरावी लागते, त्याची तयारी आधीपासून ठेवावी. सहल, बस, उपक्रमांचे पैसेही अनेक ठिकाणी मागितले जातात. शाळेने शुल्क मागितलं किंवा प्रवेश नाकारला, तर तोंडी भांडू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

(दृश्य : फाटकातून आत जाणारी मुलगी. पाठीवर दप्तर. निवेदन नाही.)